प्लाझ्मा ठेवावा की एलसीडी आणावा? वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरे

इंदूरच्या वाचकांकडून या वेळी टीव्हीबद्दल बरीच पत्रे आली. हौसेने घेतलेले प्लाझ्मा अजून अनेक घरांत चालू आहेत आणि आता त्यांचे करायचे काय, हाच बहुतेकांचा प्रश्न आहे. त्यामुळे या अंकात दुसरा विषय घेतलेला नाही.

प्रश्न: आमच्याकडे २०१० साली घेतलेला ४२ इंची प्लाझ्मा आहे. चित्र अजून सुरेख येते. मुलगा म्हणतो, फार वीज खातो, काढून टाका आणि ४३ इंची एलईडी आणा. सासरे दिवसभर क्रिकेट आणि बातम्या पाहतात, आम्ही रात्री सिनेमा पाहतो. हॉलला पश्चिमेच्या दोन मोठ्या खिडक्या आहेत. काय करावे?
— सुदामा नगर

उत्तर: पश्चिमेच्या खिडक्या आणि दिवसभर चालणारा टीव्ही, या दोन गोष्टींवरच तुमचा निर्णय व्हायला हवा. हॉलमध्ये एलसीडी आणा. प्लाझ्मा मात्र लगेच काढू नका.

बाजारात ज्याला एलईडी म्हणतात तो एलसीडीच असतो. पूर्वी त्याच्या पडद्यामागे बारीक ट्यूबलाइटसारख्या नळ्या असत, आता एलईडीच्या पट्ट्या असतात, एवढाच फरक. क्यूएलईडीसुद्धा एलसीडीच. म्हणजे मुलगा सांगतो तो सौदा प्लाझ्मा आणि एलसीडी यांच्यातलाच आहे.

प्लाझ्मात प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो. काचेच्या दोन पत्र्यांमध्ये निऑन आणि झेनॉन वायूचे सूक्ष्म कप्पे असतात. विजेने त्यात अतिनील किरण तयार होतात आणि ते कप्प्यातल्या लाल, हिरव्या, निळ्या लेपावर पडून रंग दिसतो. काळे दाखवायचे असेल तिथला ठिपका जवळजवळ विझतो. एलसीडीत मागचा दिवा सतत चालू असतो आणि पुढचे द्रवस्फटिक तो प्रकाश अडवतात. ते पूर्ण अडवत नाहीत, म्हणून अंधाऱ्या खोलीत एलसीडीचा काळा रंग राखाडी वाटतो. रात्री दिवे मालवून सिनेमा पाहायचा तर तुमचा जुना प्लाझ्मा आजच्या साध्या एलसीडीपेक्षा सरस आहे, यात शंका नाही.

दिवसा गणित उलटते. प्लाझ्माच्या सगळ्या ठिपक्यांना एकदम पूर्ण वीज पुरवता येत नाही, म्हणून पडदाभर उजळ चित्र आले की टीव्ही आपणहून मंद होतो. उन्हातले मैदान, पांढरे कपडे, पांढरे आकाश, म्हणजे कसोटी सामन्यात नेमके हेच होते. पूर्ण पांढऱ्या पडद्यावर बरेच प्लाझ्मा ५० ते ७० निटच (निट हे उजेडाचे माप) उजेड देतात, साधा एलसीडी २५० ते ३०० देतो. शिवाय प्लाझ्माच्या पुढच्या काचेत खिडकी दिसते ती वेगळीच. सासऱ्यांना दुपारी चेंडू दिसत नसेल तर दोष त्यांच्या चष्म्याचा नाही.

क्रिकेटमध्ये प्लाझ्माची एक बाजू मात्र भक्कम आहे. एलसीडी प्रत्येक चित्र पुढचे येईपर्यंत धरून ठेवतो, त्यामुळे पळत्या चेंडूला शेपूट फुटल्यासारखी दिसते. प्लाझ्माचा ठिपका क्षणभर चमकून विझतो, म्हणून चेंडू स्वच्छ राहतो. एलसीडी घेताना पॅनेल मुळात ६० हर्ट्‌झचे आहे की १२० चे, म्हणजे सेकंदाला किती वेळा चित्र बदलते, हे विचारा. खोक्यावरच्या ‘मोशन रेट २४०’ वगैरे आकड्यांना महत्त्व देऊ नका. ४३ इंचांत बहुतेक पॅनेल ६० हर्ट्‌झचीच मिळतात. मग क्रिकेटला मोशन सेटिंग (हालचाल गुळगुळीत करणारी सोय) ‘लो’वर ठेवा, सिनेमाला पूर्ण बंद करा, नाहीतर सिनेमा मालिकेसारखा दिसतो.

आता वीज. २०१० च्या आसपासचा ४२ इंची प्लाझ्मा सरासरी २०० वॅटच्या घरात जातो. चित्र उजळ असेल तर जास्त, अंधारे असेल तर बराच कमी. ४३ इंची एलसीडीला साधारण ८० वॅट लागतात. रोज आठ तास धरले तर प्लाझ्माला १.६ युनिट आणि एलसीडीला ०.६४. महिन्याचा फरक सुमारे २९ युनिट, युनिटला ७ रुपये धरले तर दोनशे रुपये. तुमचा वापर दीडशे युनिटच्या आसपास असेल तर आणखी एक गोष्ट आहे. मध्य प्रदेश सरकारच्या अटल गृह ज्योती योजनेत पहिली १०० युनिट १०० रुपयांत मिळतात, पण महिन्याचा वापर १५० युनिटच्या आत असेल तरच. असे २९ युनिट कधीकधी सगळी सवलत घालवतात.

आमचा आकडा तसाच मानू नका, मोजून पाहा. फ्रिज, पंखे, दिवे, सगळे बंद करून फक्त टीव्ही चालू ठेवा आणि दहा मिनिटे मीटरवरच्या लाल दिव्याची लुकलुक मोजा. मीटरवर ‘३२०० इम्प’ (एका युनिटला ३२०० लुकलुक) असे लिहिलेले असेल तर २०० वॅटला दहा मिनिटांत साधारण १०७ वेळा, ८० वॅटला ४३ वेळा दिवा लुकलुकेल. क्रिकेट चालू असताना एकदा आणि रात्रीच्या सिनेमाला एकदा मोजा, फरक लगेच कळेल.

जागा असेल तर प्लाझ्मा आतल्या खोलीत लावा आणि रात्री दीड-दोन तास सिनेमापुरता वापरा. तेवढ्या वापराची वीज डोईजड होत नाही. ४२ इंची एचडी रेडी प्लाझ्मात बहुधा १०२४ बाय ७६८ ठिपके असतात, ते रुंदीला जास्त आणि उंचीला कमी. आठ-नऊ फुटांवरून हे जाणवत नाही. साधी १०८० ची स्ट्रीमिंग स्टिक त्याला चालते, ४के त्यावर दिसणार नाही.

प्रश्न: ओळखीतल्या एकांकडे ५० इंची फुल एचडी प्लाझ्मा स्वस्तात मिळतो आहे. घ्यावा का? घेताना काय बघावे?
— रामबाग

उत्तर: अंधाऱ्या खोलीत रात्री सिनेमा पाहणार असाल, आणि बिघडला तर सोडून द्यायची तयारी असेल, तरच घ्या. पॅनासॉनिकने २०१३ च्या अखेरीस प्लाझ्मा बनवणे थांबवले, सॅमसंग आणि एलजी २०१४ च्या अखेरीस थांबले. नवे पॅनेल आता मिळत नाही. बोर्ड मिळतात तेही जुन्या सेटमधून काढलेले.

बघायला जाताना एका पेन ड्राइव्हमध्ये सहा साधी चित्रे घेऊन जा: पूर्ण लाल, हिरवे, निळे, पांढरे, करडे आणि काळे. टीव्ही आधीपासून गरम करून ठेवला असेल तर बंद करायला सांगा आणि गार झाल्यावर पुन्हा चालू करा. बऱ्याच प्लाझ्मांचा दोष गार असतानाच दिसतो, तर काहींचा तासभर चालल्यावर. म्हणून दोन्ही वेळा पाहा.

वरपासून खालपर्यंत उभी रेघ किंवा रंग उडालेला उभा पट्टा दिसला तर तिथेच विषय संपवा. पॅनेलच्या कडेला चिकटलेल्या पट्टीवरची चिप गेलेली असते आणि ती बदलता येत नाही. काळ्या चित्रावर लाल किंवा हिरवे ठिपके नाचत असतील तर व्होल्टेज सरकले आहे किंवा बोर्ड थकला आहे. हा दोष कधी कधी सुधारतो, पण तो धरून भाव पाडा. करड्या चित्रावर वाहिनीच्या बोधचिन्हाचा किंवा दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्यांचा राहिलेला पुसट डाग दिसतो का, ते नीट पाहा. पांढऱ्या चित्रावर गुंजन वाढते, ते थोडे असणारच. समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरच्या वर प्लाझ्मा हवेच्या कमी दाबामुळे जास्त गुंजतो, पण इंदूर साधारण ५५० मीटरवर आहे. इथे मोठा आवाज येत असेल तर तो उंचीवर ढकलू देऊ नका.

सगळे एचडीएमआय पोर्ट एकेक करून तपासा. नेताना दोघांनी उभाच धरून न्या. गाडीत आडवा टाकला तर मोठी काच आपल्याच वजनाने आणि धक्क्याने तडकू शकते, आणि तडकलेले पॅनेल म्हणजे फक्त भंगार.

प्रश्न: आमच्या प्लाझ्मात आवाज येतो, चित्र येत नाही. मेकॅनिक म्हणतो गॅस संपला, भरावा लागेल. हे खरे का?
— टिळक नगर

उत्तर: नाही. पॅनेल कारखान्यात कायमचे सीलबंद केलेले असते. त्यात गॅस भरण्याची सोय नसते आणि तो एसीसारखा हळूहळू कमीही होत नाही. काच तडकली तरच वायू जातो, आणि मग पॅनेलही जाते. या मेकॅनिकला पैसे देऊ नका.

आवाज आहे आणि चित्र नाही, तर बहुधा सस्टेन बोर्ड, म्हणजे ठिपके पेटवणारी वीज पुरवणारा बोर्ड, गेलेला असतो. मागचे झाकण काढल्यावर डाव्या आणि उजव्या कडेला जे मोठे, उष्णता बाहेर टाकणारे पत्रे बसवलेले बोर्ड दिसतात ते हेच. एका बाजूच्या बोर्डाला वाय-सस म्हणतात, समोरच्याला झेड-सस किंवा एक्स-सस. टीव्ही चालू होताना टकटक वाजून बंद होत असेल तर पॉवर सप्लायचे फुगलेले कपॅसिटर आधी पाहावेत. त्यांचे वरचे टोपण सपाट असायला हवे. फुगले असेल तर तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचा, १०५ अंशांचा कपॅसिटर लावावा.

एक गोष्ट मेकॅनिककडून आवर्जून करून घ्या. पॅनेलच्या पाठीवर कागदी स्टिकर असते, त्यावर ‘व्हीएस’ आणि ‘व्हीए’ असे व्होल्टेजचे दोन आकडे छापलेले असतात, उदाहरणार्थ १९५ आणि ५५. हे आकडे त्याच पॅनेलचे असतात, दुसऱ्या पॅनेलला वेगळे. दुसऱ्या सेटमधला बोर्ड लावला तर मीटर लावून, बोर्डवरचा छोटा प्रीसेट फिरवून, व्होल्टेज या आकड्यांवर आणावे लागते. ते केले नाही की लाल ठिपके नाचू लागतात, आणि दोन-चार महिन्यांत बोर्ड पुन्हा जातो. ‘नवीन बोर्ड टिकलाच नाही’ अशी तक्रार असते तिथे बऱ्याचदा हे स्टिकर कोणी वाचलेलेच नसते.

स्वतः झाकण उघडू नका. पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरवर ३८० ते ४०० व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ राहतात.

प्रश्न: आजी सकाळपासून एकच बातम्यांची वाहिनी लावून ठेवतात. आता सिनेमातही खालची पट्टी पुसट दिसते. जाईल का? नवीन ओएलईडी घेतला तर हा त्रास होणार नाही ना?
— लोकमान्य नगर

उत्तर: आधी पाहा की हा डाग तात्पुरता आहे की कायमचा. आठ-दहा दिवस वाहिनी बदलती ठेवा, कॉन्ट्रास्ट ५० च्या खाली आणा आणि चित्र पडदाभर ताणून पाहा, म्हणजे बाजूला काळे पट्टे राहणार नाहीत. मेनूत ‘स्क्रोलिंग बार’ किंवा ‘व्हाइट वॉश’ नावाची सोय असेल तर रात्री तासभर चालवा. तात्पुरता डाग एवढ्याने फिका होतो. तसाच राहिला तर त्या जागेचा लेप इतर पडद्यापेक्षा जास्त झिजला आहे, आणि झिजलेला लेप परत येत नाही. बाकीचा पडदा वापरात येईल तसा फरक थोडा झाकला जातो, इतकेच.

ओएलईडीतही ठिपका स्वतःच प्रकाश देतो, त्यामुळे एकच पट्टी आणि एकच बोधचिन्ह तासन् तास राहिले तर तोही असाच डागाळू शकतो. आजींची सवय बदलायची गरज नाही, त्यांच्यासाठी एलसीडी घ्या. त्यातही कधी पुसट छाया राहते, पण टीव्ही थोडा वेळ बंद ठेवला की ती जाते.

प्रश्न: चार वर्षांचा एलईडी टीव्ही. आवाज येतो, रिमोट चालतो, पडदा काळा. दुकानदार म्हणतो पॅनेल गेले.
— स्नेहलतागंज

उत्तर: हे ऐकून टीव्ही विकू नका, आधी टॉर्चने तपासा. रात्री खोलीतले दिवे बंद करा, टीव्हीवर माणसे हलताना दिसतील अशी वाहिनी लावा आणि टॉर्च पडद्याच्या अगदी जवळ, तिरकी धरा. पुसट आकृत्या हलताना दिसल्या तर पॅनेल आणि मुख्य बोर्ड ठीक आहेत, फक्त मागचा दिवा गेला आहे. चालू करताच एक-दोन सेकंद चित्र येऊन अंधार होत असेल तरीही बहुधा हाच दोष.

मागचे एलईडी दिवे मालिकेत, म्हणजे एकामागे एक जोडलेले असतात. त्यातला एक तुटला की पूर्ण मालिका विझते. मेकॅनिक तेवढाच एक बदलून देतो म्हणाला तर नको म्हणा. बाकीचेही तितकेच तापलेले असतात, तेही एकेक करून जातात. शिवाय काही पट्ट्यांत ३ व्होल्टचे, काहींत ६ व्होल्टचे एलईडी असतात, आणि चुकीचा लावला की उरलेल्यांवर ताण येतो. पट्ट्यांचा पूर्ण संच बदला आणि पट्टीवर छापलेला नंबर जुळवूनच मागवा.

जोखीम पॅनेल उचलण्यात आहे. कागदासारखी पातळ काच, तिच्या कडेला नाजूक पट्ट्या. ४० इंचांच्या वरचे पॅनेल एका माणसाने उचललेले आम्हाला मान्य नाही. दोघे हवेत, सपाट टेबल हवे, त्यावर स्वच्छ चादर हवी. आतल्या पांढऱ्या पातळ शीट ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने बसल्या पाहिजेत. एकही उलटी बसली की चित्रात कायमची सावली राहते. आधी मोबाइलवर फोटो काढायला सांगा.

हे दिवे उष्णतेने मरतात, आणि कारखान्यातून टीव्ही आला की बॅकलाइट (मागच्या दिव्याचा उजेड) बहुधा १०० वर असतो. दुरुस्तीनंतर दिवसा ६०-७०, रात्री ३०-४० ठेवा. नवा टीव्ही घेतला तरी पहिल्याच दिवशी हे करा. दुरुस्तीचा खर्च नव्या टीव्हीच्या किमतीच्या एक तृतीयांशाहून जास्त सांगितला तर मात्र नवाच घ्या.

प्रश्न: पावसाळ्यात लाइट जाते-येते. स्टॅबिलायझर लागेल का?
— जुनी इंदूर

उत्तर: एलसीडीचा पॉवर सप्लाय बहुधा १०० ते २४० व्होल्टवर चालतो, पाठीवरच्या स्टिकरवर ते छापलेले असते. त्यामुळे कमी व्होल्टेजचे फारसे भय नाही, भय झटक्याचे आहे. अर्थिंग तपासून घ्या आणि चांगला स्पाइक गार्ड लावा. विजा कडाडत असतील तर प्लगबरोबर डिशची किंवा केबलची तारही काढा. सेट टॉप बॉक्समार्गे आलेला झटका थेट एचडीएमआय पोर्ट घेऊन जातो. आणि घरात एकीकडे दिवे मंद, दुसरीकडे फार तेज असे दिसले तर न्यूट्रल सुटला आहे. ताबडतोब मेन बंद करा, अशा वेळी गार्डही पुरत नाही.

प्रश्न: एलसीडीच घ्यायचे ठरले. सोफ्यापासून भिंत १० फूट. किती इंची घ्यावा, आणि महाराणी रोडवर दुकानात सगळेच छान दिसतात तेव्हा निवडावे कसे? शोकेसच्या वर, टीव्हीचा खालचा काठ जमिनीपासून सव्वापाच फुटांवर येईल असा लावायचा विचार आहे.
— अन्नपूर्णा रोड

उत्तर: १० फुटांवरून ५० किंवा ५५ इंची घ्या. ५५ इंची पडदा १२२ सेंटीमीटर रुंद आणि साधारण ६८ सेंटीमीटर उंच असतो, ५० इंची १११ बाय ६२. वर्तमानपत्रातून तेवढा कागद कापून भिंतीवर चिकटवा आणि सोफ्यावर बसून पाहा. घरात मुख्यतः साध्या डिशवरच्या एसडी (कमी ठिपक्यांच्या) वाहिन्या चालत असतील तर ५० वर थांबा. ७२० बाय ५७६ चे चित्र जितके मोठे कराल तितके फिसकटते.

दुकानातले सगळे टीव्ही ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’वर असतात, म्हणून छान दिसतात. विक्रेत्याला ज्या दोन टीव्हींत निवड करायची त्यांचे मोड ‘सिनेमा’वर आणायला सांगा, शार्पनेस अगदी खाली घ्यायला लावा आणि तुमच्या पेन ड्राइव्हमधला एखादा रात्रीचा प्रसंग लावा. मग अगदी समोरून आणि नंतर चार पावले बाजूला सरकून पाहा. बाजूने रंग फिके पडले पण समोरून काळा गडद दिसला तर ते व्हीए जातीचे पॅनेल, कॉन्ट्रास्ट (पांढऱ्या-काळ्यातला फरक) साधारण ३००० ते ५००० ला एक. बाजूने रंग टिकले पण काळा राखाडी वाटला तर आयपीएस, कॉन्ट्रास्ट १००० ला एकच्या आसपास. सगळे समोर बसून पाहत असतील तर व्हीए घ्या, आमचे मत ठामपणे तेच आहे. खोली रुंद असेल, काहीजण बाजूच्या खुर्च्यांवर बसत असतील, तर आयपीएस. २०२५ च्या सप्टेंबरपासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचाही जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तो किमतीत धरला आहे का, ते बिलावर बघा.

सव्वापाच फुटांवर मात्र लावू नका. सोफ्यावर बसलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून १०० ते ११० सेंटीमीटरवर असतो. तुमच्या बेतात पडद्याचा मध्य १९० सेंटीमीटरच्या आसपास जाईल, म्हणजे मान सतत वर. शिवाय व्हीए पॅनेल खालून पाहिले की काळा रंग धुरकट होतो, आणि ज्यासाठी ते घेतले तेच हातचे जाते. शोकेस हलवता येत नसेल तर १० ते १५ अंश खाली झुकणारी ब्रॅकेट घ्या. टीव्हीच्या पाठीवरच्या चार भोकांतले अंतर आधी मोजा, २०० बाय २०० मिलिमीटर की ३०० बाय ३००, आणि तेवढ्याच मापाची मागा. प्लाझ्माची जुनी ब्रॅकेट तशीच वापरू नका. ती वजनाला पुरेल, पण तिची भोके बहुधा ४०० ची असतात, आणि मध्ये लाकडी पट्टी टाकून जुळवलेला टीव्ही एका बाजूला झुकतोच.